गावाची टीम, आपली टीम : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या शहराची टीम आपण निवडत नाही, ती जन्माबरोबरच येते, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. कोणी चिडलंय, कोणी मनापासून हो म्हटलंय, एकाने तर चार पानं लिहिलीयेत. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, त्याबद्दल सॉरी. जी पत्रं दोन-दोन दिवस डोक्यातून गेलीच नाहीत ती घेतलीयेत.

प्रश्न : दादा, आमच्या शहराची टीम सलग चार सीझन पॉइंट टेबलच्या तळाला आहे. मी अजून एकही घरची मॅच चुकवलेली नाही. मित्र म्हणतात सोड आता, जी जिंकते ती टीम पकड, कशाला दर आठवड्याला जीव जाळून घेतोस. कधी कधी वाटतं त्यांचंच बरोबर आहे. काय करू?

उत्तर : मित्रा, मॅच बघायला जा. एवढंच सांगून थांबलो असतो पण तुझं पत्र वाचून मला अमेरिकेतलं क्लीव्हलँड आठवलं, ते सांगतोच. तिथली फुटबॉल टीम, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवाली, ब्राउन्स. २०१६ च्या सीझनला १६ पैकी १५ मॅच हरली. आपल्याला वाटतं याच्या खाली काही नसेल, पण २०१७ ला त्या सोळाच्या सोळा हरले. मग जानेवारी २०१८ मध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तीन हजारांच्या वर लोक स्टेडियमपाशी जमले आणि त्यांनी स्टेडियमभोवती गोल फेरी काढली, मोठा शून्य काढावा तशी. मॅनेजमेंटवरचा राग होताच त्यात, तो कोणी लपवलाही नाही, पण त्याच दिवशी त्यांनी शहरातल्या गरजूंसाठी अन्न आणि पैसे पण गोळा केले. सोळा मॅच हरलेल्या टीमसाठी गोठत उभं राहणारी माणसं आहेत ही, आणि माझ्या लेखी कुठल्याही चॅम्पियन टीमच्या पब्लिकपेक्षा ती मोठी आहेत.

आणि याच शहराचं दुसरं टोक बघ. १९६४ नंतर क्लीव्हलँडच्या कुठल्याच मोठ्या टीमने एकही विजेतेपद जिंकलं नव्हतं, बास्केटबॉल नाही, बेसबॉल नाही, काहीच नाही. २०१६ च्या जूनमध्ये कॅव्हेलियर्स बास्केटबॉलच्या फायनल सिरीजमध्ये ३-१ ने मागे होते, आणि तिथून आजवर कोणीही सिरीज जिंकलेली नव्हती. यांनी जिंकली. सातवी मॅच ९३-८९, ती पण समोरच्यांच्या मैदानावर. ५२ वर्षांनी. नंतरच्या मिरवणुकीला शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणूस रस्त्यावर होता. आता तू मला सांग, दर दोन वर्षांनी चॅम्पियन बघून टीम बदलणाऱ्या माणसाला हे कुठून मिळणार? ट्रॉफी त्यालाही दिसते रे, पण त्या ट्रॉफीच्या मागची ५२ वर्षं त्याच्याकडे नसतात, त्यामुळे तो टाळ्या वाजवतो आणि तुझ्यासारखा माणूस ढसाढसा रडतो.

जिंकतीलच असं मी तुला वचन देत नाही. लेस्टर सिटी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचं उदाहरण सगळे देतात, २०१५-१६ ला सट्टेबाजांचा ५००० ला १ असा भाव असताना प्रीमियर लीग जिंकली, खरंय ते, पण त्या एका लेस्टरच्या मागे शेकडो टीम आहेत ज्यांचं असं कधीच काही झालं नाही आणि त्यांची स्टँड तरीही भरते. चार सीझन तळाला राहूनही तुझी एकही मॅच चुकलेली नाही ना, मग तुझं उत्तर तुझ्याकडेच आहे, मित्रांना काय कळायचं ते कळू दे.

प्रश्न : मी टीम जिंकली की "आपण जिंकलो" म्हणते. माझा भाऊ दर वेळी विचारतो, तू कुठल्या नंबरवर खेळत होतीस? मला उत्तर सुचत नाही आणि राग येतो.

उत्तर : ताई, राग येणारच. भावाला सांगा की यावर अमेरिकेत रीतसर अभ्यास झालाय, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तो छापला. त्यांनी बघितलं की कॉलेजची टीम शनिवारी जिंकली की सोमवारी जास्त मुलं कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून येतात, आणि मॅचबद्दल विचारलं तर जिंकल्यावर "आपण" म्हणतात, हरल्यावर मात्र "ते". म्हणजे आपण म्हणणं हे माणसाचं अगदी नॉर्मल वागणं आहे. मला खटकतो तो दुसरा भाग. हरल्यावर "ते हरले" म्हणू नका, तेव्हाही "आपण हरलो" म्हणा, मग जिंकल्यावर आपण म्हणायचा तुमचा हक्क कोणीच काढून घेऊ शकत नाही, भाऊ पण नाही.

प्रश्न : आमच्या टीमचा मालक टीम दुसऱ्या शहरात न्यायच्या गोष्टी करतोय. पेपरात रोज काहीतरी येतंय, त्याला नवीन स्टेडियम हवंय आणि ते सरकारी पैशातून हवंय. माझ्या आजोबांपासून आम्ही तिथे जातोय. कायद्याने टीम त्याची आहे हे मला कळतं. पण मग आम्ही कोण? आमचं काहीच नाही का?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "मग आम्ही कोण" या प्रश्नावर मी स्वतः कित्येक वर्षं विचार करतोय, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी वाईट सांगतो. हो, मालक नेऊ शकतो, आणि नेतात. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या मालकाने एका रात्रीत, बर्फ पडत असताना, ट्रक बोलवून ऑफिसचं सगळं सामान भरलं आणि टीम इंडियानापोलिसला नेली. सकाळी लोक उठले तर टीम नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची बेसबॉल टीम, डॉजर्स, १९५५ ला पहिल्यांदा चॅम्पियन झाली, वर्षानुवर्षं तिथले लोक "पुढच्या वर्षी बघा" म्हणत थांबलेले, आणि १९५७ चा सीझन संपल्यावर टीम थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला. तीन वर्षांनी मैदान पण पाडलं. आपल्याकडे तर टीम नेण्याआधी ती बंदच करतात. डेक्कन चार्जर्स २००९ ला आयपीएल जिंकले आणि २०१२ ला संपले, कोचीची टीम एकच सीझन खेळली, पुण्याची रायझिंग सुपरजायंट २०१७ ची फायनल एका रनने हरली आणि ती तिची शेवटची मॅच ठरली, दोनच वर्षांचा करार होता म्हणे. करार दोन वर्षांचा असेल हो, पण जो मुलगा जर्सी घालून त्या रात्री टीव्हीसमोर बसला होता त्याला कोणी विचारलं?

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा. बाल्टिमोरमध्ये टीम गेली पण टीमचा बँड गेला नाही. त्या रात्री बँडचे युनिफॉर्म ड्राय क्लीनरकडे होते म्हणून ट्रकमध्ये गेले नाहीत, बँडवाल्यांनी ते ताब्यात घेतले, लपवून ठेवले, आणि टीम नसलेल्या टीमचा बँड पुढची बारा वर्षं वाजत राहिला. परेडमध्ये, दुसऱ्यांच्या मैदानांवर, जिथे बोलावतील तिथे. टीमचं नाव गेलं, खेळाडू गेले, रंग गेले, मालक तर गेलाच, आणि तरी काहीतरी मागे राहिलं आणि ते शेवटपर्यंत शहराचंच होतं. तुमचं काय आहे विचारता ना, मला वाटतं ते हे आहे.

बाल्टिमोरला १९९६ मध्ये नवीन टीम मिळाली. पण कशी मिळाली ते पण सांगायला हवं. ती क्लीव्हलँडची टीम उचलून आणलेली होती, वर ज्या ब्राउन्सचं लिहिलं तीच. ज्या शहराला हे दुःख माहीत होतं त्याच शहराच्या पदरात दुसऱ्याचं दुःख पडलं, आणि मला यावर अजूनही काय वाटून घ्यावं ते कळत नाही. पण क्लीव्हलँडच्या लोकांनी जे केलं ते तुमच्या शहराने कागदावर लिहून ठेवावं. नोव्हेंबर १९९५ मध्ये बातमी फुटल्यावर ते गप्प बसले नाहीत, मोर्चे काढले, शहर कोर्टात गेलं, आणि शेवटी असं ठरलं की मालकाने खेळाडू आणि स्टाफ न्यावा, पण नाव, रंग आणि टीमचे सगळे रेकॉर्ड शहरातच राहतील. तीन वर्षं रिकामी गेली आणि १९९९ ला ब्राउन्स त्याच नावाने, त्याच रंगात परत मैदानात उतरले. म्हणजे मालकाचं काय आणि गावाचं काय याची वाटणी तिथे खरंच झाली, आणि गावाच्या वाट्याला जे आलं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

विम्बल्डनचं तर मी कुणालाही रात्री उठवून सांगेन. टेनिसचं नाही, फुटबॉलचं. १९८८ ला लंडनच्या या छोट्या क्लबने लिव्हरपूलला हरवून इंग्लंडचा एफए कप जिंकला होता. २००२ मध्ये क्लब मिल्टन कीन्सला, साधारण ९० किलोमीटर लांब न्यायला परवानगी मिळाली. फॅन लोकांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवीन क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, आणि खेळाडू निवडायला सार्वजनिक मैदानात खुल्या ट्रायल ठेवल्या, ज्याला यायचं त्याने बूट घेऊन यावं. दोनशेच्या वर माणसं आली. पहिली फ्रेंडली मॅच ४-० ने हरले आणि तरी मॅच संपल्यावर लोक आनंदाने मैदानात धावले, कारण हरायला का होईना पण त्यांची टीम होती! नवव्या पातळीच्या लीगपासून सुरुवात, नऊ वर्षांत पाच प्रमोशन, २०११ ला वरच्या चार डिव्हिजनमध्ये, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर स्वतःचं नवीन स्टेडियम. कोविडमुळे पहिली मॅच रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली, एवढं एकच मनाला लागतं.

मग तुम्ही करायचं काय? एकटे पत्रं लिहित बसू नका, संघटना करा. आणि मागणी फक्त "जाऊ नका" एवढीच ठेवू नका, नाव, रंग, लोगो, रेकॉर्ड शहराच्या नावावर करायची मागणी आत्ताच ठेवा, टीम इथे असतानाच, गेल्यावर कोणी ऐकत नाही. स्टेडियमला सरकारी पैसा हवा असेल तर त्याच करारात इतकी वर्षं हलायचं नाही ही अट पाहिजे, आणि ती मोडली तर किती भरायचे तो आकडा पण. दुसरं म्हणजे शेअर. अमेरिकन फुटबॉलमधली ग्रीन बे पॅकर्स हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण, एक लाखाच्या आसपास वस्तीचं गाव, आणि १९२३ पासून टीम लोकांच्याच मालकीची आहे, आज पाच लाखांपेक्षा जास्त शेअरहोल्डर. शेअरवर डिव्हिडंड मिळत नाही, नफ्यासाठी विकता येत नाही, एका माणसाला ठराविक मर्यादेपलीकडे घेता येत नाही. पैसे म्हणून तो कागद शून्य आहे आणि लोक तो फ्रेम करून भिंतीवर लावतात. त्या टीमला कोणी उचलून नेऊ शकत नाही. आता त्या लीगमध्ये नव्या टीमला अशी मालकी चालत नाही, त्यांची जुनी म्हणून राहिली. पण जर्मनीत फुटबॉलला नियमच आहे, ५०+१, क्लबची बहुमताची मतं सभासदांकडे राहिली पाहिजेत, एकदोन जुने अपवाद सोडले तर. म्हणजे हे स्वप्न वगैरे नाहीये, जगात चालू आहे.

एक सावध करतो. अमेरिकेतल्या ओकलंडच्या लोकांनी आपल्या बेसबॉल टीमसाठी जून २०२३ मध्ये उलटा बहिष्कार केला होता, म्हणजे घरी न बसता मुद्दाम २७ हजारांवर लोक मॅचला आले, टीम विका असं लिहिलेले टी-शर्ट घालून, फॅन नाहीत म्हणून टीम नेतोय हे मालकाचं म्हणणं खोटं पाडायला. जगाने बघितलं. तरी टीम सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची घरची मॅच खेळून गेली. सगळं बरोबर करूनही हरता येतं, हे मनाशी धरूनच उतरा. पण उतराच. तुमच्या आजोबांची सीट अशी सहज कोणाला देऊ नका.

प्रश्न : आमच्या टीममध्ये आमच्या शहराचा एकही खेळाडू नाही. मग ती आमची टीम कशी?

उत्तर : योग्य प्रश्न आहे आणि मला पण टोचतो. स्पेनमध्ये ॲथलेटिक बिल्बाओ हा फुटबॉल क्लब शंभरपेक्षा जास्त वर्षं फक्त आपल्या बास्क भागातले किंवा तिथे घडलेलेच खेळाडू घेतो, आणि तरी तो स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून कधीच खाली गेलेला नाही, असे फक्त तीन क्लब आहेत, उरलेले दोन रिआल माद्रिद आणि बार्सिलोना. २०२४ ला त्यांनी ४० वर्षांनी कप जिंकला तेव्हा टीम बोटीतून नदीने शहरात आली आणि दोन्ही काठ माणसांनी भरले होते. ग्लासगोच्या सेल्टिकने १९६७ ला युरोपियन कप जिंकला तो मैदानापासून साधारण ५० किलोमीटरच्या आत जन्मलेल्या मुलांना घेऊन. हे वाचलं की मला हेवा वाटतो, खरं सांगतो.

पण बाहेरून आलेला खेळाडू आपला होत नाही असं मी मानत नाही. जो पावसात, ३-० ने मागे असताना, ८८ व्या मिनिटाला पण बॉलमागे पळतो तो आपला, त्याचं जन्मगाव कुठलं का असेना. आणि उलटं पण होतं, लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडजवळच्या ॲक्रनचा, अगदी घरचा मुलगा, २०१० ला सोडून गेला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. २०१४ ला परत आला. वर जे २०१६ चं लिहिलंय ते त्याच्याच टीमने जिंकलं. मला जर्सी जाळणं आवडत नाही पण तो राग समजतो, परका गेला असता तर कोणी काडी पण ओढली नसती. तुम्ही मात्र एक करा, मॅनेजमेंटला दर मीटिंगमध्ये विचारा की अकॅडमीत आपली किती मुलं आहेत आणि त्यातली वर किती आली.

प्रश्न : नोकरीसाठी शहर बदललं. नव्या शहराच्या टीमला सपोर्ट करणं म्हणजे गद्दारी का?

उत्तर : नाही. मॅचला जा, टाळ्या वाजवा, शेजाऱ्यांशी ओळख त्यानेच होते. फक्त दोघांची आपसात मॅच असेल त्या दिवशी कुठली जर्सी घालायची हे तुम्हाला विचार न करता कळेल, आणि जी हाताला येईल ती तुमची. काहींची वीस वर्षांनी बदलते, त्यात काही पाप नाही.

प्रश्न : दादा, माझा दहा वर्षांचा मुलगा परदेशातल्या मोठ्या क्लबचा फॅन आहे, आपल्या टीमला बोअरिंग म्हणतो. त्याच्या बाबांना फार लागतं ते.

उत्तर : ताई, मुलावर जबरदस्ती करू नका, आणि बाबांना सांगा की टोमणे पण मारू नका. त्याला एकदा ग्राउंडवर घेऊन जा. टीव्हीवर आपली टीम त्या मोठ्या क्लबशी कधीच बरोबरी करणार नाही, कॅमेरे कमी, स्पीड कमी. पण स्टँडमध्ये बसल्यावर गोल झाला की अनोळखी काका उचलून घेतात, ते टीव्हीत नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला नेलं होतं, मॅचमधलं मला काहीही आठवत नाही, कोण जिंकलं ते पण नाही. वडिलांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, ते आठवतं. मॅच पण जरा बघून निवडा, पहिलीच वेळ आहे तर शेजारच्या शहराशी असलेली निवडा.

प्रश्न : आमची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचलीये. वडील मागच्या वर्षी गेले. चाळीस वर्षं ते या दिवसाची वाट बघत होते. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत, सवयीने दोन काढली. जावंसं वाटत नाही आणि न जाणंही जमत नाहीये.

उत्तर : तुमच्या पत्राला काय लिहावं हे मला बराच वेळ कळलं नाही. फक्त जे घडलंय ते सांगतो.

शिकागो कब्स १९०८ नंतर थेट २०१६ ला बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकले, १०८ वर्षांनी. या मधल्या काळात किती लोक वाट बघत गेले असतील. तेव्हा लोकांनी कब्सच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, विटांच्या भिंतीवर रंगीत खडूने नावं लिहायला सुरुवात केली, आईचं, आजोबांचं, भावाचं. भिंत भरली, मग माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहायला लागली. शेवटच्या मॅचला एक माणूस दुसऱ्या राज्यातून शेकडो मैल गाडी चालवत वडिलांच्या थडग्यापाशी गेला आणि तिथे खुर्ची टाकून त्याने पूर्ण मॅच वडिलांबरोबर ऐकली. मॅच एक्स्ट्रा इनिंगमध्ये गेली, मध्ये पाऊस आला, तो उठला नाही.

दुसरं, बर्लिनचा युनियन हा फुटबॉल क्लब. या क्लबचं स्टेडियम दुरुस्त करायला पैसे नव्हते तेव्हा दोन हजारांवर फॅननी स्वतः जाऊन बांधकामाचं काम केलं होतं. तो क्लब २०१९ ला पहिल्यांदा बुंदेसलीगामध्ये, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला आणि पहिल्या घरच्या मॅचला लोक आपल्या गेलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले, जे हा दिवस बघायला राहिले नाहीत त्यांचे. सगळ्या स्टेडियममध्ये शेकडो चेहरे वर धरलेले.

तुम्ही जा. दुसरं तिकीट कोणाला देऊ नका, विकू नका, वडिलांचा फोटो बरोबर घ्या आणि त्या सीटवर ठेवा. बाजूच्या लोकांना काही सांगावं लागणार नाही. मॅच झाली की निकाल काहीही लागो, मला एक ओळ लिहा, मी वाट बघतोय.